पुरणपोळीचा आकडा

सण नाही, वार नाही, पाहुणे येण्याची वर्दी नाही, आणि मंगळवारी सकाळी घरात पुरण शिजतंय हे कळताच नागनाथ तोडकरीचा वस्तरा गालावरच थांबला. सामान्य माणसाला अशा वेळी भूक लागते. पण नागनाथ दारू सोडलेला माणूस होता, आणि दारू सोडलेल्या माणसाच्या घरी पुरण उगाच शिजत नाही.

दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून त्यानं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. त्याची बायको महानंदा पाठमोरी उभी राहून वेलदोडे कुटत होती. शेजारी जायफळ काढून ठेवलं होतं. जायफळ म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

नागनाथच्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्यासारखी एक राखाडी पट्टी होती. तिचं नाव 'चाहूल'. सरकारी दवाखान्याच्या व्यसनमुक्ती विभागानं दहा महिन्यांपूर्वी ती त्याच्या हाताला बांधली, तेव्हा त्याला दारू सोडून चार महिने झाले होते. त्याआधी त्यानं दोनदा दारू सोडली होती आणि दोनदा दारूनं त्याला परत बोलावून घेतलं होतं.

दारू सोडलेला माणूस पुन्हा पितो, ते काही ग्लास हातात आला त्या संध्याकाळी ठरत नाही, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं. ग्लास हा शेवटचा टप्पा. त्याच्या कितीतरी दिवस आधी झोप विसकटते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर निरोगी माणसात सारखं किंचित कमीजास्त होत असतं. ते ताठर होतं. घामातली ताणाची रसायनं वाढतात. फोनवर बोलताना वाक्यं आखूड होतात, आणि पाय नेहमीचा रस्ता सोडून जरा लांबच्या रस्त्यानं जायला लागतात. वर्षानुवर्षं दारूनं वळण लावलेला मेंदू ही सगळी तयारी मालकाला न विचारता करत असतो. मालक मात्र मजेत असतो. 'चाहूल' या खुणा गोळा करायची, चाळीस हजार रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहायची, आणि येत्या बहात्तर तासांत हा माणूस पिण्याची शक्यता शंभरात किती, ते सांगायची.

गंमत अशी, की ज्याचा आकडा त्याला तो दिसत नसे. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये दाखवून पाहिला होता. ज्यांना सत्तर दिसला त्यांच्यातले बरेच जण 'आता यंत्रच म्हणतंय तर' असं म्हणत सरळ दुकानात गेले. तेव्हापासून आकडा फक्त तीन 'पाहणाऱ्यां'च्या फोनवर जायचा. साठ ओलांडला की त्यांचे फोन वाजायचे. रुग्णानं पाय धरले तरी आकडा सांगायचा नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. आकडा वाढला की माणसाला जपावं, ताण देऊ नये, असं एका रंगीत पत्रकात छापलं होतं. महानंदानं ते पत्रक दोनदा वाचलं आणि तिच्या परीनं अमलात आणलं. ती गोड करायला लागली.

आता नागनाथ बार्शीच्या मार्केट यार्डात वजनकाटे दुरुस्त करायचा. अलीकडचे काटे वजन स्वतः मोठ्यानं बोलून दाखवत आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवरही पाठवत, पण बोलता काटा झाला म्हणून खोटं बोलणार नाही असं थोडंच आहे. असा काटा तपासायची रीत जुनीच. माहीत असलेली वजनं एकेक करून ठेवायची, काटा काय म्हणतो ते लिहून घ्यायचं, आणि त्यावरून त्याचा स्वभाव ओळखायचा. दुसरा एखादा रुग्ण आकडा कळत नाही म्हणून गप्प बसला असता. नागनाथनं घरालाच काटा मानलं.

साठ हा पक्का खिळा होता. साठ झाला की अक्कलकोटला त्याच्या मेव्हण्याचा, सिद्रामचा, फोन वाजायचा आणि दहा मिनिटांत सिद्राम 'सहज' फोन करायचा. या खिळ्यावरून नागनाथनं पुढच्यामागच्या खुणा आखल्या. दुरुस्तीच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा तक्ता होता. साधं वरण आणि शेंगाचटणी, पंधराच्या आत. ताटात न मागता दही, पंचवीस. शिरा, चाळीस. खीर, पन्नास. खीर अधिक सिद्राम, साठच्या वर.

सुरुवातीला त्याला हा खेळच वाटला. एकदा मस्त झोप झाली, अंग हलकं होतं, आणि ताटात खीर आली. पाठोपाठ सिद्रामचा फोन. नागनाथ मनात हसला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो यार्डासमोरच्या परमिट रूमच्या दाराला हात लावून उभा होता आणि आपण इथं कसे आलो हे त्याला आठवत नव्हतं. मागून गफूरभाईंनी कॉलर धरली म्हणून वाचला. गफूरभाई म्हणजे सायकल दुकानवाले गफूर शिकलगार. नऊ वर्षांपूर्वी दारू सोडलेले, नागनाथला दारू सोडलेल्यांच्या गटात आणणारे आणि तिसरे पाहणारे. त्या दिवसापासून नागनाथचा स्वतःवरचा विश्वास उडाला आणि पट्टीवरचा पक्का झाला.

गेले पाच महिने मात्र घरात वरण होतं. साधं, पातळ, देखणं वरण. आणि आज हे पुरण. तक्त्यात पुरणाची नोंदच नव्हती.

दहा वाजता दाराशी सिद्रामची बॅटरीवरची जीप येऊन थांबली. फोन नव्हे, सिद्राम स्वतः. एरवी तो नागनाथशी तहसीलदारानं अर्जदाराशी बोलावं तसा बोलायचा. आज वाकून पाया पडला.

"दाजी, तुमी लई सुधारलाव," तो म्हणाला. "मी समद्यांना सांगतो."

नागनाथनं त्याच्याकडे नीट पाहिलं. सिद्रामनं नजर चुकवून फोन मांडीवर पालथा घातला. महानंदानं चहा आणून दिला, न मागता आलं घातलेला. दोघं बहीणभाऊ लग्नघरातल्यासारखे हळू आवाजात बोलत होते. दुपारी बरोबर एकला जेवायला या, जरा बोलायचंय, असं महानंदानं सांगितलं आणि सांगताना त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. कॉलर तिनं सात-आठ वर्षांत सरळ केली नव्हती.

यार्डापर्यंतच्या दहा मिनिटांत नागनाथनं हिशेब मांडला. पुरण, जायफळ, प्रत्यक्ष मेव्हणा, पाया पडणं, कॉलर. कसंही मोजलं तरी नव्वदच्या खाली येत नव्हतं.

एका अडत दुकानात तुरीचा मोठा काटा पोत्यामागे सातशे ग्रॅम कमी सांगत होता. नागनाथनं तो उघडला. काट्याच्या पोटात धातूची एक कांडी असते. वजन पडलं की ती केसाच्या अंशाइतकी वाकते, आणि त्या वाकण्यावरून वजन कळतं. कांडीला आपण वाकलो हे कळत नाही. नागनाथ त्या कांडीकडे बघत बसला. त्याला प्यायची इच्छा नव्हती. खरोखर नव्हती. त्यानं जीभ टाळूला लावून पाहिली, डोळे मिटून वास आठवून पाहिला. काही नाही. आणि हेच तर भयंकर होतं. मागच्या वेळीही असंच काही नव्हतं.

नव्वद म्हणजे काय, हे व्यसनमुक्ती विभागातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं होतं. असे शंभर जण घेतले तर नव्वद जण पितील. नागनाथ त्या नव्वदांचे चेहरे आठवू लागला. गटात भेटलेले बहुतेक सगळे त्यात बसत होते. आपण उरलेल्या दहांत बसावं असं स्वतःबद्दल त्याला एकही कारण सापडेना. छाती धडधडायला लागली. तळहाताला घाम सुटला. पाना हातातून दोनदा निसटला. अडत्यानं विचारलं, बरं वाटत नाही का. नागनाथ म्हणाला, चहा घेऊन येतो.

चहाची टपरी डावीकडे होती. तो उजवीकडे गेला.

परमिट रूममध्ये बाराच्या सुमाराला कुणी नव्हतं. जुन्या वेटरनं त्याला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. या धंद्यात तेवढी सभ्यता असते. पाण्याची बाटली आणि फुटाण्याची वाटी ठेवून तो उभा राहिला. नागनाथनं क्वार्टर सांगितली. आपलाच आवाज त्याला दुसऱ्या टेबलावरून आल्यासारखा वाटला. तीन दिवस कड्यावर उभं राहण्यापेक्षा एकदाचं खाली पडावं, म्हणजे निदान वाट तरी बघावी लागणार नाही, एवढा एकच विचार डोक्यात होता आणि तो फार शहाणपणाचा वाटत होता.

त्यानं ओतली. चौदा महिन्यांनी तो वास नाकात शिरला आणि तोंडात पाणी आलं. सकाळपासून शोधत असलेली इच्छा आता टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत येऊन बसली होती.

फोन वाजला. गफूरभाई.

"कुठं आहेस?"

गटात एकच नियम होता, विचारणाऱ्याला खोटं सांगायचं नाही. नागनाथनं जागा सांगितली.

"घेतली?"

"ओतलीय."

"हात लावू नको. तसाच बस, फोन चालू ठेव. मी निघालो." स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. "काय झालं तरी काय तुला? सकाळी तर नऊ होता."

नागनाथला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "किती?"

लिहून दिलेला नियम गफूरभाईंनी मोडला होता, आणि मोडलाच आहे तर पुरता मोडावा असं ठरवल्यासारखे ते म्हणाले, "नऊ. एकाहून जास्त, दहाहून कमी. आतापर्यंतचा सगळ्यात कमी. आणि आता सत्त्याऐंशी. दीड तासात एवढा कुणाचा चढलेला मी बघितला नाही. काय केलंस?"

"घरी पुरण घातलंय," नागनाथ म्हणाला.

गफूरभाईंना तक्त्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. "मग जेवायला जायचं ना," ते म्हणाले.

चार मिनिटांत ते आले. ग्लास उचलून बेसिनमध्ये ओतला, मागोमाग उरलेली बाटली, आणि नागनाथला स्कूटरवर मागे बसवलं. वाटेत नागनाथनं वही, तक्ता, शिरा, खीर सगळं सांगितलं. गफूरभाई इतके हसले की स्कूटर रस्त्याच्या मधे गेली. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं.

"मग पुरण कशासाठी घातलंय?" त्यांनी विचारलं.

कुठलाही काटा तपासायला घेताना पहिल्यांदा बघायचं असतं, की ताटलीत आधीच कुणी काही ठेवलेलं नाही ना. शिकाऊ माणूससुद्धा ही चूक करत नाही. दहा महिने घरातल्या प्रत्येक गोड घासात त्यानं स्वतःचंच वजन वाचलं होतं. त्या घरात दुसरं कुणी राहतं, त्यालाही काही वजन असेल, हे त्यानं बघितलंच नव्हतं.

घरासमोर सिद्राम जीपमधून बॅगा खाली काढत होता. दोन मोठ्या, एक लहान, आणि कापडात बांधलेली एक गादी. महानंदा उंबऱ्यात बसली होती. अंगावर बाहेर जायची साडी, मांडीवर फोन. तिच्याही फोनवर सत्त्याऐंशी पोचला होता. नागनाथ समोर येताच ती उठली, जुन्या सवयीनं नाक पुढं करून एक श्वास घेतला आणि मागे सरली.

"घेतली नाही," नागनाथ म्हणाला.

"कळलं," ती म्हणाली, आणि सिद्रामला बॅगा आत न्यायला सांगितलं. "मी नाही जात."

"कुठं?" नागनाथनं विचारलं.

लातूरला मुलींचं एक वसतिगृह होतं. डॉक्टर व्हायच्या परीक्षेला बसलेल्या एकशे चाळीस मुली तिथं राहत. त्यांची देखरेख करायला एक बाई हव्या होत्या. महानंदानं दोन महिन्यांपूर्वी अर्ज केला होता, मुलाखत देऊन आली होती, आणि आज संध्याकाळी हजर व्हायचं होतं. जेवताना सांगणार होती. चांगल्या दिवशी, चांगलं जेवण करून सांगावं, असं तिला वाटलं होतं. म्हणून पुरण. हे सगळं तिनं नागनाथकडे न बघता, फोनकडे बघत सांगितलं.

"तुम्ही पीत होता तेव्हा गेले असते, तर तुम्ही मेला असता," ती म्हणाली. "आणि मी मारलं असं सगळे म्हणाले असते. मीसुद्धा. म्हणून थांबले. अकरा वर्षं थांबले. तीन महिने पंधराच्या खाली म्हणजे माणसानं पाय रोवले, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ज्या दिवशी म्हणाल्या, त्याच दिवशी अर्ज भरला."

"परत कधी येणार होतीस?"

"ते मला माहीत नव्हतं." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "काहीतरी माहीत नाही, याचं बरं वाटत होतं."

तिचा फोन पुन्हा वाजला. तिनं आकडा पाहिला. तिच्या चेहऱ्यावरून तो वाढलाय हे कळायला तक्ता लागत नव्हता. ती थकल्या आवाजात म्हणाली, की लातूरला कळवते, आकडा उतरेपर्यंत थांबते, मग बघू.

सिद्राम हातात गादी घेऊन मधेच उभा होता. गफूरभाई स्कूटरला टेकून जमिनीकडे बघत होते. आणि नागनाथच्या ध्यानात आलं, की महानंदाला थांबवायला आता काहीच करावं लागणार नाही. हातापाया पडायला नको, वचन द्यायला नको, बाटलीसुद्धा उघडायला नको. नुसतं नीट झोपायचं नाही. थोडं कुढायचं. आकडा साठच्या वर राहील एवढी काळजी घ्यायची, की ती आठवडाभर थांबेल, महिनाभर थांबेल, वसतिगृहाला दुसरी बाई मिळेल. कुणी बोटसुद्धा दाखवणार नाही. आजारी माणसाला काय म्हणणार. इतकी सोपी दारू त्याला आजवर कुणी देऊ केली नव्हती. ती सोपी होती आणि त्याला हवी होती.

मग त्यानं स्वतःचा फोन काढला. पाहणाऱ्यांच्या यादीतून नाव काढायचा अधिकार फक्त रुग्णाला होता. कुणी तो वापरत नसे, कारण नाव काढलं की घरच्यांना पहिली शंका नको तीच येई. यंत्रानं त्याला दोनदा विचारलं, खात्री आहे का. त्यानं दोनदा हो म्हटलं.

महानंदाचा फोन हलकेच वाजला, पाठोपाठ सिद्रामचा, आणि दोन्हींवर आकड्याची जागा कोरी झाली. तिनं पडदा बोटानं पुसून पाहिला.

"काय केलंत?"

"आता तुला दिसणार नाही."

"मग मला कळणार कसं?"

"नाही कळणार," नागनाथ म्हणाला. "गफूरभाई बघतील. तुझं बघून झालं."

तिचा आवाज चढला. "म्हणजे मी बघत नाही, तर तुम्ही प्यायला मोकळे?"

"प्यायला मी कालपण मोकळाच होतो, नंदा. तू बसून होतीस तेव्हापण प्यालोच की."

ती परत उंबऱ्यात बसली. रडेल असं सिद्रामला वाटलं आणि तो घाबरला, पण ती रडली नाही. हातातला कोरा फोन उलटासुलटा करत राहिली, शाळा सुटल्यावर पाटीचं काय करायचं ते न सुचल्यासारखी. तेवढ्यात गफूरभाईंचा फोन वाजला. त्यांनी बघितला. तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. गफूरभाईंनी तोंड जमेल तितकं दगडासारखं केलं, फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "ताई, मी आज इथंच झोपणार. उद्यापण. परवापण. मला एक उशी द्या."

महानंदानं आत जाऊन उशी आणली. मग सिद्रामला म्हणाली, "गादी जीपमधे ठेव. आधी सगळे जेवू."

चौघंही पंगतीला बसल्यासारखे एका ओळीत जेवले. जायफळ जरा जास्त झालं होतं. नागनाथनं दुसरी पोळी मागून घेतली आणि ती शेवटच्या घासापर्यंत संपवली. निघताना महानंदा गॅसचं बटण, दुधाचं भांडं, मागच्या दाराची कडी असं सांगत सुटली. मधेच थांबली, आणि पुढचं न सांगताच जीपमध्ये बसली. नागनाथ फाटकापर्यंत आला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, आणि कदाचित बरं झालं नसतं.

पुढचे तीन दिवस चांगले गेले नाहीत. पहिल्या संध्याकाळी नागनाथ अंगणात चपला घालून तीनदा फाटकापर्यंत गेला आणि तिन्ही वेळा गफूरभाई मागोमाग चपला शोधत आले. दुसऱ्या दिवशी त्याला ताप आल्यासारखं झालं, तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि गफूरभाईंना जे बोलू नये ते सगळं बोलला. गफूरभाईंनी ते ऐकून घेतलं आणि मधेमधे सायकलींचे सुटे भाग आणून त्याच्यासमोर पुसायला ठेवले. गुरुवारी त्यांनी नागनाथला यार्डात नेलं, अर्धवट उघडून ठेवलेल्या तुरीच्या काट्यापाशी बसवलं आणि स्वतः पोत्यावर बसून राहिले. काटा दुपारपर्यंत खरं बोलायला लागला. या तीन दिवसांत नागनाथनं आकडा एकदाही विचारला नाही. गफूरभाईंनी तो एकदाही सांगितला नाही, आणि त्यांचा फोन किती वेळा वाजला ते नागनाथनं मोजलं नाही.

शुक्रवारी दुपारी नागनाथच्या फोनवर महानंदाचं नाव आलं. तिच्यामागे मुलींचा गलबला होता. कुणीतरी पाणी येत नाही म्हणून ओरडत होतं. तिनं त्याला एक मिनिट थांबायला सांगून कुणाला तरी टाकी बघायला पिटाळलं, आणि मग विचारलं, "जेवलात का?"

अकरा वर्षं ती हा प्रश्न विचारत होती, आणि अकरा वर्षं त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असायचा. नागनाथनं कान लावून ऐकलं. आज तो नव्हता. ती खरोखर जेवणाचंच विचारत होती.

"जेवलो," तो म्हणाला. "गफूरभाईंनी पिठलं केलं होतं. खारट झालं."

खारट झालेल्या पिठल्याचं काय करायचं, हे महानंदा त्याला पुढची चार मिनिटं सांगत होती.